लाइनवरची तिसरी

माझी नोकरी परक्यांशी गोड बोलण्याची आहे. एका मोठ्या कंपनीच्या मदतकक्षात मी कानाला हेडफोन लावून बसते. कोणाचा कॉम्प्युटर अडला की तो मला फोन करतो, मी त्याची स्क्रीन माझ्या स्क्रीनवर जोडून घेते आणि इथे बसून तिथला माऊस चालवते. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त पगारी. आमच्या कक्षाचा पहिला नियम समोरच्या भिंतीवरच चिकटवलाय: गिऱ्हाईकाला ‘मघाशीच सांगितलं ना’ असं कधीही म्हणायचं नाही. तेरा वर्षांत मी एकदाही म्हटलेलं नाही. दर महिन्याला शांतपणाचे गुण देतात, त्यात माझा नंबर पहिल्या तिघांत असतोच.

घरात मात्र मला घाईबाई म्हणतात.

हे नाव आईने ठेवलं. आई पुढच्या खोलीत शिवणाचा वर्ग घ्यायची. मी सहा वर्षांची असताना तिच्या हातातली कात्री ओढून घेतली आणि ‘दे, मी कापते’ म्हणत एका बाईच्या कोटाची पाठ तिरकी कापली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

दोन वर्षांपूर्वी आईने आपली कापणीची वही कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली. चाळीस वर्षांची वही, दोनशेदहा पानं. प्रत्येक पानावर पेन्सिलीची आकृती आणि शेजारी मापं. मी इकडून स्क्रीन जोडून तिला शिकवायला बसले. तिचा बाण इंच इंच सरकायचा, नको तिथे जाऊन थांबायचा, मग ती चष्मा काढायची, पुसायची आणि विचारायची, “उजवं बटण का डावं?” तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या पानावर, माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. “आई, मघाशीच सांगितलं ना!” आणि तेवढ्यावर न थांबता मी म्हणाले, “तू राहू दे. वही पाठव माझ्याकडे, मीच करते. लवकर होईल.”

आई म्हणाली, “बरं. राहू दे.”

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं की कॉम्प्युटर खोक्यात भरून माळ्यावर टाकला. वही काही तिने पाठवली नाही. तेव्हापासून आमचे फोन होतात ते गुडघे, हवा आणि जेवलीस का एवढ्यावर. मला तिच्याकडून माफी नको होती, मीही मागितली नव्हती. तिने एकदा, फक्त एकदा, “हे कसं करायचं गं?” असं मला विचारावं, एवढंच मला हवं होतं. तिने विचारलं नाही.

म्हणून मी शिकवायला मावशीला धरलं.

मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, वय शहात्तर, एकटी राहते. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. याची लाइन त्याला जोडून द्यायची आणि बाजूला व्हायचं, हा तिचा धंदा. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली तरी दोन नियम तिच्या हाडांत मुरलेत. एका लाइनवरचं दुसऱ्या लाइनवर बोलायचं नाही. आणि आपण आधी फोन ठेवायचा नाही.

दर शनिवारी चार वाजता ती मला जोडणीचा नऊ आकडी नंबर सांगते. “चार एक सात. घेतलं? शून्य आठ आठ. घेतलं?” मी ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय पुढचे आकडे सुटत नाहीत. मग ती आपली टिपणांची वही उघडून प्रश्न वाचते. प्रश्न अफलातून असतात. एका शनिवारी विचारलं, “लिहिताना मध्ये एक ओळ वाढवली आणि खालचं चित्र पुढच्या पानावर पळालं, तर काय करायचं?”

“मावशी, तू फक्त पत्ते खेळतेस आणि बातम्या वाचतेस. तुझ्याकडे चित्रं आली कुठून?”

“माहीत असावं माणसाला.”

मला वाटायचं, ही माझ्याशी बोलायला मिळावं म्हणून प्रश्न जुळवते. आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं. माझ्यावाचून मावशीचं पान हलत नाही, हे मी ऑफिसात चारचौघींना ऐकवलंसुद्धा होतं.

त्याच शनिवारी, चित्र कसं बांधून ठेवायचं ते सांगून झाल्यावर मी तिच्या स्क्रीनवरची जोडणीची खिडकी बंद करायला गेले आणि हात चुकून ती खाली सरकली. खाली आधीच्या जोडण्यांची यादी होती. शनिवार, वीस मिनिटं. शनिवार, पंचवीस मिनिटं. ही मी. पण मध्ये मध्ये एक दुसराच नंबर होता. मंगळवार, अकरा वाजता, पन्नास मिनिटं. शुक्रवार, अकरा वाजता, एक तास दहा मिनिटं. यादी मागे मागे जात होती, महिनेच्या महिने.

माझ्या पोटात दुखलं. म्हणायला नाही, खरंच दुखलं.

“मावशी, मंगळवार-शुक्रवार कोण असतं गं लाइनवर?”

“आहे एक.”

“कोण?”

“एका लाइनवरचं दुसऱ्या लाइनवर नाही,” मावशी म्हणाली आणि माझ्या ‘अच्छा’ची वाट बघत थांबली, कारण ती आधी ठेवत नाही. मी अच्छा न म्हणताच बंद केलं.

तो सबंध आठवडा मी जळत काढला. मावशीच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं मोठी कोणी केली? मी. तिच्या हाताला बसेल असा माऊस चार दुकानं फिरून कोणी आणला? मी. आणि आता आयत्या बिळावर हा कोण नागोबा येऊन तासतास बसतो? माझा संशय मामेबहिणीवर होता. ती कॉलेजात शिकवते, वाक्यावाक्याला हसते, आणि म्हातारी माणसं तिच्यावर लट्टू असतात. बुधवारी न राहवून मी तिला फोन लावला आणि आडून आडून मावशीचा विषय काढला.

“अगं, वर्ष झालं मावशीशी बोलून,” ती म्हणाली. “लाज वाटते मला. तू किती करतेस तिचं!”

एरवी हे ऐकून मी फुलले असते. त्या दिवशी उलट तळपायाची आग मस्तकात गेली, कारण आता भांडायला चेहराच उरला नाही.

मावशीच्या कॉम्प्युटरला एक कायमचा पासवर्ड आहे. कधी अडचण आली आणि ती फोन उचलू शकली नाही, तर मला थेट शिरता यावं म्हणून तिच्या परवानगीने मीच तो घालून ठेवलाय. तिचा माइकही कायम चालू असतो, बटण शोधण्यात वेळ जायला नको म्हणून. शुक्रवारी अकरा वाजता मी ऑफिसात माझ्या नावापुढे ‘विश्रांती, पंधरा मिनिटं’ असं लावलं, माझा माइक बंद केला आणि तो पासवर्ड टाकला. ही अडचण नव्हती, ही चोरी होती. मला ते कळत होतं आणि मी ते केलं.

मावशीची स्क्रीन उघडली. तिच्यात आणखी एक स्क्रीन उघडलेली होती, दुसऱ्या कोणाची तरी. त्यात एक पान होतं. वर मथळा: बाही. खाली, पुढच्या पानावर सरकलेला वहीच्या पानाचा फोटो, पेन्सिलीची आकृती, कोपऱ्यात कपाचा गोल डाग. तो डाग मी ओळखला, कारण तो कप मीच ठेवला होता, दहावीत असताना, आणि त्यावरून बोलणी खाल्ली होती.

“ताई, परत पळाली बघ बाही,” आईचा आवाज आला. मावशीने फोन स्पीकरवर ठेवून टेबलावर ठेवला असणार. “मी एक ओळ वाढवली तर थेट कॉलरच्या पानावर जाऊन बसली.”

म्हणजे कॉम्प्युटर माळ्यावर नव्हताच. मी बाहीच्या पानाच्या तळाशी बघितलं. पान एकशेचौसष्ट.

माझ्याबरोबर ती तिसऱ्या पानापर्यंत आली होती.

मला राग यायला हवा होता तो आईचा. आला मावशीचा. शनिवारी माझ्याकडून शिकायचं आणि मंगळवार-शुक्रवार माझ्याच आईला शिकवायचं! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे माझाच माल मावशीच्या दुकानातून माझ्याच घरी विकला जात होता आणि आई तो दोन वर्षं आनंदाने घेत होती. ‘पळाली बघ बाही’ म्हणताना ती हसली होती. माझ्याशी गुडघ्यांवर बोलताना ती हसत नाही.

“थांब हं,” मावशी म्हणाली. “शनिवारी विचारून ठेवलंय मी. लिहिलंय कुठेतरी.” वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

कोणी तिसरं जोडलं गेलं की मावशीच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात एक छोटी पट्टी दिसते. दुसऱ्या कोणाला दिसली नसती. पण जिने पस्तीस वर्षं लाइनवर तिसरं माणूस आलेलं नुसत्या खुट्ट आवाजावरून ओळखलं, तिला दिसली.

“ताई? आहेस ना?” आईने विचारलं.

“आहे,” मावशी म्हणाली. जरा वेळाने म्हणाली, “आता करते. बघ हं तू.”

आणि तिने माऊसवरचा हात काढला. बाण जागच्या जागी थांबला. मावशीच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक माझ्या कानात ऐकू येत होती. ती वाट बघत होती, माझी.

मी माऊस हलवला. माझा बाण मावशीच्या स्क्रीनमधून आईच्या स्क्रीनमध्ये शिरला आणि बाहीवर जाऊन टेकला. उजवं बटण. चित्राची जागा. जागेवर बांधून ठेव. हो. बाही परत एकशेचौसष्ट पानावर येऊन बसली. मी मुद्दाम हळू केलं, एकेका पायरीला थांबून, ऑफिसात करते तसं.

“अगंबाई!” आई म्हणाली. “म्हणजे कच्चा टाका घातला म्हण की. आता हलणार नाही.” मग म्हणाली, “ताई, आज हात काय मोकळा चालला तुझा! किती सावकाश दाखवलंस. हे असं हवं.”

कौतुक माझ्या हाताचं होत होतं आणि पडत होतं मावशीच्या पदरात. स्वतःच्याच हातावर जळायची वेळ माझ्यावर आली.

“मोठीला विचारलं असतं तर,” आई बोलत राहिली. मोठी म्हणजे मी. “दोन मिनिटांत आवाज चढला असता तिचा.”

“तिला कळव की आता. एकशेचौसष्ट पानं झाली,” मावशी म्हणाली. हे तिने कोणासाठी म्हटलं ते मला कळलं.

“नको. पुरी होऊ दे वही.” आई म्हणाली. “ताई, परवा तिच्या ऑफिसातली कोणी बाई भेटली मला. म्हणाली, तुमची मुलगी म्हणजे देवमाणूस. दहा वेळा विचारलं तरी अकराव्यांदा तितक्याच गोडीने सांगते. मी हो हो म्हटलं. घरी आले आणि मला त्या बाईचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू! त्या सगळ्या परक्या लोकांचा. माझ्या पोटची पोर, आणि तिचा तो आवाज मी कधी ऐकलेलाच नाही.”

माझ्यासमोरच्या भिंतीवर पहिला नियम होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

“बरं, चल,” आई म्हणाली. “आता तू हात लावू नकोस. पुढचं पान मी करते.”

पुढचं पान कॉलरचं. आईचा बाण निघाला. मी उजवा हात मांडीखाली घालून त्यावर बसले. बाण कॉलरजवळ आला, कॉलरवरून पुढे गेला, परत आला, थांबला. चष्मा पुसत असणार. मग बटण दाबलं, पण डावं. काहीच झालं नाही. पुन्हा डावं. मग बाण वर निघाला, भलत्याच खिडकीकडे, जिथे ‘सर्व पुसा’ लिहिलेलं असतं त्या बाजूला. तिथे ती दाबणार नव्हती कदाचित. दाबलं तरी परत आणता आलं असतं. हे सगळं मला माहीत आहे, मी रोज हेच काम करते.

माझा हात मांडीखालून सुटला आणि मी बाण खेचला. झटक्यात, कॉलरवर.



“ताई,” आई हळूच म्हणाली, “हे तू नाही केलंस.”

मावशीने खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला.

“माझ्या हातातली कात्री ओढून घेणारी एकच पोर आहे जगात.” आईचा आवाज बदलला. “घाईबाई, हात काढ.”

मी हात काढला. मग माइक चालू केला. “आई.”

“कधीपासून आहेस?”

“बाही पळाली तेव्हापासून.”

“म्हणजे सगळं ऐकलंस.”

“मी जोडून दिलेलं नाही हं,” मावशी घाईने म्हणाली. “ती आपली आपण घुसली.”

“कॉम्प्युटर माळ्यावर आहे म्हणालीस मला,” मी म्हणाले. आवाज चढलाच माझा, काय करू? “दोन वर्षं! माझ्याकडून शिकून मावशी तुला शिकवते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला का नाही विचारलंस?”

“विचारलं होतं,” आई म्हणाली. “तीन पानं विचारलं.”

पलीकडच्या रांगेतून सुपरवायझर बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मान खाली घातली.

“तू राहू दे म्हणालीस,” आई सांगत होती. “वर्गात एखादीचं वाकडं शिवून आलं ना, तर मी उसवायला सांगायचे. दहा वेळा उसवायला लावलंय मी बायकांना. पण राहू दे कधी म्हटलं नाही. राहू दे म्हटलं की ती मुलगी परत वर्गाला येत नाही. तू कोटाची पाठ कापलीस तेव्हा तुलासुद्धा नाही म्हटलं. आठवतंय का, काय केलं मी?”

मला आठवत होतं. तिने दुसरं कापड अंथरलं होतं, कात्री माझ्या हातात परत दिली होती, आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली होती.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

“चुकलंच. आता गप्प बस आणि बघ.”

आईचा बाण पुन्हा निघाला. मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि बोटं एकमेकांत अडकवली. तेवढ्यात सुपरवायझर बाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. “तुमची विश्रांती संपून दहा मिनिटं झाली. ही कोणाची लाइन आहे? नोंद दिसत नाही.”

मी माइकवर हात ठेवला. “गिऱ्हाईक आहे,” म्हणाले. “नोंद करतेय.”

त्या हलेनात. मी खरोखरच तक्रारीचा कोरा फॉर्म उघडला. नावाच्या जागी आईचं पूर्ण नाव घातलं. तक्रारीच्या जागी लिहिलं: ‘मदत करताना हातातून काम ओढून घेतात.’ स्थितीच्या जागी दोनच पर्याय असतात, मिटली आणि चालू. मी चालू निवडलं. बाईंनी वाचलं, चुकचुकल्या आणि म्हणाल्या, “आपल्यापैकी कोणी केलं हे? शोधून काढायला हवं,” आणि गेल्या.

“ताई,” तिकडे आई म्हणत होती, “मंगळवारी अकराला आहेसच ना?”

ताई. अजूनही ताईच! मी हात पुन्हा पाठीमागे बांधले. 

“आहे की,” मावशी म्हणाली. “आणि तिसरीचं काय?”

आईने विचार केला. मी तिचा विचार ऐकत बसले.

“यायचं तर येऊ दे,” ती म्हणाली. “हात मागे बांधून.” तिचा बाण कॉलरवर येऊन थांबला, थरथरला. “हं. आता सांग गं घाईबाई. उजवं बटण का डावं?”

मघाशी आईने दोनदा डावंच बटण दाबलं होतं आणि हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी शंभरदा विचारला होता. जिभेवर ते वाक्य आलं, अगदी दातांपर्यंत. मी समोर भिंतीकडे बघितलं, फॉर्मवरच्या नावाकडे बघितलं आणि गिऱ्हाईकाशी बोलते तसं बोलले.

“उजवं. काही घाई नाही, सावकाश दाबा.”



“असा आहे होय तुझा आवाज,” आई म्हणाली, आणि तिने उजवं बटण दाबलं.